पाहुण्याचा धर्म

मुलाच्या ॲडलेडच्या घरी फ्रीजच्या दारावर एक यादी चिकटवलेली होती. किराणा सामानाची असेल म्हणून वाचायला गेलो, तर ती ठिकाणांची निघाली. विलूना ते हॉल्स क्रीक ही कॅनिंगची गुरांची वाट, सुमारे १८५० किलोमीटर. सिम्पसनचे वाळवंट, एकामागून एक अकराशेच्या वर वाळूच्या टेकड्या. किंबर्लीतला गिब रिव्हर रोड, ६६० किलोमीटर. क्वीन्सलंडचे फ्रेझर बेट, तिथे समुद्रकाठची ओली वाळू हाच हमरस्ता, आणि त्याला वेगमर्यादासुद्धा. सगळ्यात खाली लाल शाईने अधोरेखित केलेले उलुरू. प्रत्येक नावापुढे जाण्याचा महिना, पाणी किती लिटर, डिझेल किती लिटर आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची तो आकडा. आमच्या आजोबांच्या काळी काशी, रामेश्वर, द्वारका अशी यादी घरोघर मनात असायची. हवेचा आकडा तेवढा नसायचा.

मी बेळगावात तीस वर्षे तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवले. प्रवास म्हणाल तर पुणे, मुंबई, गोवा आणि एकदा बदरीनारायण. २०१९च्या सप्टेंबरात मुलाने सुट्टी काढली आणि म्हणाला, "बाबा, या खेपेला घरात बसायचं नाही. यादीतलं एक तरी करूया." गाडी तयार होतीच. चारही चाकांना ताकद पुरवणारी, उंच, छपरावर तंबू बांधलेली, मागे पाण्याची टाकी आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज. पंक्चर काढण्याचे सामान, दोन जादा चाके, वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालायच्या पट्ट्या. सून सामान मोजत होती, नात नकाशा घेऊन बसली होती. मला काम एकच होते, पुढच्या सीटवर बसून बघत राहणे. तेव्हापासून जे मनात घोळते आहे तेच या पानांवर मांडतो. माझ्याकडे तयार सिद्धांत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न साधा आहे. एखाद्या ठिकाणी पोचता येते, एवढ्याने तिथे जाण्याचा अधिकार मिळतो का?

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण जमीन स्वतःच दारात उभी असे. वाळवंट कुणाला आत घ्यायचे ते वाळवंट ठरवी. १८६०-६१ सालची बर्क आणि विल्स यांची मोहीम ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांना पाठ असते. त्या मोहिमेसाठी आपल्या हिंदुस्थानातून, कराचीच्या बंदरातून, उंट नेले होते आणि त्यांच्यासोबत उंटवालेही. परतीच्या वाटेवर कूपर क्रीकच्या काठी बर्क आणि विल्स दोघेही मेले. त्याच काठावर यांद्रुवांधा लोक पिढ्यान् पिढ्या सुखाने राहत होते. नार्डू नावाच्या पाणवनस्पतीची बीजे कशी तयार करून खायची हे त्यांना ठाऊक होते. पाहुण्यांनी पदार्थ तेवढा उचलला, कृती उचलली नाही, आणि पोट भरलेले असूनही ते खंगत गेले. त्यांचा तिसरा सोबती किंग मात्र वाचला, कारण तो त्या लोकांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्या हातचे खाल्ले. म्हणजे त्या भूमीवर जगायचे तर तिथल्या माणसाचे ऐकावेच लागे. ऐकणे ही गरज होती, सद्‌गुण नव्हे. आता डिझेल, फ्रीज आणि उपग्रहाचा फोन सोबत असतो. कुणाचे काही न ऐकता माणूस जाऊन येऊ शकतो. गरज संपली, तेव्हा त्या ऐकण्याचे काय करायचे?

पहिले दोन दिवस आम्ही किनाऱ्यावर काढले. ॲडलेडच्या दक्षिणेला कूराँग म्हणून खाऱ्या पाण्याची शंभर किलोमीटरहून लांब चिंचोळी खाडी आहे. नारिंजेरी लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ लांब मान. खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांची पट्टी, आणि तिच्या पलीकडे उघडा दक्षिण समुद्र, अंगावर येणारा. मुलाने चारही चाकांतली हवा कमी केली. चाक पसरट झाले की वाळूवर तरंगल्यासारखे चालते. भरतीची रेषा आणि पाणी यांच्यामधल्या कठीण, ओल्या वाळूवरूनच गाडी न्यायची असा नियम आहे. त्याचे कारण एक पक्षी. आपल्या टिटवीच्या गोतातला, काळ्या डोक्याचा, मुठीत मावेल एवढा. इंग्रजीत त्याला हूडेड प्लोव्हर म्हणतात. घरटे असे नाहीच, भरतीच्या रेषेवर वाळूत एक खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची दोनतीन अंडी. माणूस किंवा गाडी जवळ आली की पक्षी अंड्यांवरून उठून दूर पळतो आणि अंडी उन्हात तापत राहतात. पिल्ले उडायला शिकण्याआधी पाचएक आठवडे वाळूवर पायीच हिंडतात आणि भ्याली की जवळच्या खोलगट जागेत अंग चोरून बसतात. किनाऱ्यावर सर्वांत सोयीची खोलगट जागा कोणती, तर चाकाची चाकोरी. तिच्यात बसलेल्या पिल्लाला पुढची गाडी चिरडून जाते. म्हणून कूराँगच्या त्या किनाऱ्याचा मोठा भाग दर वर्षी ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरातल्या नाताळापर्यंत गाड्यांना बंद ठेवतात.

आम्ही गेलो तेव्हा किनारा उघडा होता, विणीला मात्र सुरुवात झालेली होती. परतताना भरती चढली. ओली वाळू पाण्याखाली गेली आणि मुलाला गाडी वर, कोरड्या वाळूवर घ्यावी लागली. दोनअडीचशे मीटर, जास्त नाही. त्याने वेग अगदी कमी केला होता. चाकाखाली काही आले का? मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणी खाली उतरून पाहिले नाही. मीही नाही.

पंचतंत्रात टिटवीची अंडी समुद्र नेतो आणि मग सगळे पक्षी मिळून गरुडाकडे फिर्याद नेतात, अशी गोष्ट आहे. वर्गात ती सांगताना समुद्राचा उद्दामपणा मी मोठ्या आवेशाने रंगवीत असे. समुद्रालाही कदाचित खाली बघायचे सुचले नसेल, असे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आले.

असो. तिथून आम्ही उत्तरेला वळलो. मारी या गावापासून ऊडनाडाटाची वाट लागते, सुमारे सव्वासहाशे किलोमीटर लाल मातीची. त्या मातीवर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात आणि गाडीसकट माणसाची हाडे खिळखिळी होतात. मारी हे उंटवाल्यांचे गाव. सरसकट सगळ्यांना अफगाण म्हणत, पण त्यांत बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथलेही पुष्कळ होते. त्यांनी बांधलेल्या मशिदीची मातीची, गवताच्या छपराची प्रतिकृती गावात उभी आहे. रेल्वेच्या रुळांनी गावाचे दोन भाग केले होते, एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले. एखाद्या रेषेच्या कोणत्या बाजूला तुम्ही राहता यावरून तुमची किंमत ठरणे ही गोष्ट आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको.

ही वाट अशी वाकडीतिकडी का, असे नातीने विचारले. ती पाण्याच्या मागे जाते म्हणून. त्या रखरखाटात जमिनीखालून झरे वर येतात. त्या झऱ्यांवरून आदिवासींच्या पायवाटा होत्या, गेरूच्या व्यापाराच्या. त्यांच्यावरून १८५९ च्या सुमारास स्टुअर्ट नावाचा शोधक गेला. त्याच्या मागून तारयंत्राची लाईन गेली, ती १८७२ साली पुरी झाली. तिच्या मागून रेल्वे, आणि १९८० साली जुनी रेल्वे बंद पडल्यावर आमच्यासारखे तंबूवाले. जो येतो तो आधीच्याच्या पावलावर पाऊल टाकतो आणि पाटीवर नाव मात्र स्वतःचे लावतो.

त्या वाटेवर प्रवाशांची आपापसांतली रीत फार चांगली. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून रामराम होतो. कुणी थांबलेला दिसला की दुसरा थांबून विचारणारच, "सगळं ठीक ना?" पाणी मागितले तर नाही म्हणत नाहीत. आपल्याकडे महामार्गावर हे उरलेले नाही. पण मला सर्वांत भावला तो फाटकाचा नियम. तिकडे गुरांच्या कुरणांना स्टेशन म्हणतात. विल्यम क्रीकभोवतीचे ॲना क्रीक हे एकच स्टेशन आमच्या बेळगाव जिल्ह्याहून मोठे आहे. आडवाटेला लागलो की कुरणांची फाटके लागतात आणि नियम असा की फाटक जसे दिसले तसे ठेवावे. मिटलेले असेल तर आपण गेल्यावर मिटावे. उघडे असेल तर उघडेच सोडावे.

मिटलेले मिटावे हे कुणालाही कळते. उघडे उघडेच सोडावे हे मात्र माझ्या हाताला जड गेले. एक फाटक सताड उघडे होते. मी खाली उतरून चांगुलपणाने ते ओढून घेऊ लागलो, तशी सून ओरडली, "बाबा, नको! पलीकडे पाणी असेल. फाटक लावलं तर गुरं तहानेनं मरतील." मला त्या कुरणाचे काहीच माहीत नव्हते, तरी माझा हात ते सुधारायला निघाला होता. परक्याच्या रानात आपल्याला कारण ठाऊक नसते आणि कारण सांगायला मालक पन्नास कोसांत नसतो. म्हणून नियम एवढेच सांगतो की तुझी अक्कल इथे चालवू नकोस. स्वतंत्र बुद्धीने विचार करा असे आयुष्यभर मुलांना सांगणाऱ्या मास्तराला हा नियम पटावा याची मला गंमत वाटली.

चौथ्या दिवशी उलुरू. त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत, माझी भर नको. सपाट मैदानात ३४८ मीटर उंच एकच एक शिळा, आणि संध्याकाळी तिचा रंग जो होतो तो मला मराठीत सांगता येत नाही. १८७३ साली एका सर्वेक्षकाने तिला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या प्रधानाचे, एअर्सचे, नाव दिले. अनांगू लोक तिला त्याच्या कितीतरी आधीपासून उलुरू म्हणत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ती जमीन कागदोपत्री त्यांना परत केली, आणि त्याच वेळी राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने त्यांच्याकडून भाड्याने घेतली. शिळेवर चढायला १९६४ साली लोखंडी साखळी ठोकलेली होती. अनांगूंचे म्हणणे वर्षानुवर्षे पायथ्याच्या पाटीवर लिहिलेले होते. हे आमचे घर आहे, ही वाट आमच्या पूर्वजांची पवित्र वाट आहे, कृपा करून चढू नका, अशा आशयाचे. दुसरेही एक कारण त्यांनी सांगितले होते, ते माझ्या मनात रुतून बसले. या चढावर तीसहून जास्त माणसे मेली. आमच्या जमिनीवर आलेला माणूस मेला की त्याचे दुःख आम्हाला वाहावे लागते, असे ते म्हणत. म्हणजे यजमानाचा धर्म ते पाळत होतेच. पाहुण्याला त्याचा पत्ता नव्हता.

उद्यानाच्या मंडळाने २०१७ साली ठरवले की २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे कायमचे बंद. आम्ही गेलो तेव्हा महिनाभर उरला होता. बंद होण्याआधी चढून घ्यावे म्हणून पायथ्याशी रांग लागली होती, शिळेवर मुंग्यांसारखी माणसांची ओळ. अनांगू पर्यटकांना 'मिंगा' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ मुंगीच.

मुलगा म्हणाला, "बाबा, चला की वर. जमेल तेवढं."

सुनेने आदल्या रात्रीच सांगून टाकले होते की ती येणार नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, "नको म्हणतात ना ते? मग झालं." मी स्वतः पाटीसमोर उभा राहून मुलाला पाचेक मिनिटे व्याख्यान दिले. तो हसला आणि चौदा वर्षांच्या नातीला घेऊन रांगेत गेला. मी चढलो नाही. पण त्याचे श्रेय माझ्या नीतीला देऊ नये. माझे गुडघे धड असते तर मी काय केले असते हे मला आजही सांगता येत नाही.

दोनअडीच तासांनी ती दोघे उतरली. नातीला विचारले, वरून काय दिसले? म्हणाली, "आजोबा, लांब काटा त्जुताचे डोंगर दिसले. बाकी सगळं सपाट. उलुरू नाही दिसला. त्याच्यावरच उभे होतो ना!"

रात्री तंबूपुढे वाद झाला. मुलाचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते दुबळे नव्हते. कायद्याने अजून महिनाभर परवानगी आहे. माझ्या बुटाने शिळेचे काय बिघडते? नुकसान कुणाचे झाले ते दाखवा. त्यांची श्रद्धा त्यांनी पाळावी, मी माझी पाळतो. मोठमोठ्या खाणी डोंगरच्या डोंगर उडवतात, तिथे कुणी पाटी लावत नाही. आणि मग शेवटचा बाण, "बाबा, महाडचं तळं आणि काळाराम मंदिर तुम्हीच मला शिकवलंत की. तिथेही 'आमचं पवित्र आहे, तुम्ही येऊ नका' असंच म्हणत होते ना? मग तिथे सत्याग्रह बरोबर आणि इथे नमस्कार करून परत फिरायचं?"

मी गप्प झालो. विद्यार्थ्याने मास्तराला गप्प करावे हे चांगलेच, पण रात्रभर झोप आली नाही. खाणीचे त्याचे बोलणे तर पुढल्याच वर्षी खरे ठरले. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीसाठी जूकनच्या घळीतल्या, माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. पण दुसऱ्याने घर जाळले म्हणून मी उंबऱ्यावर बूट घालून चढावे, असे काही त्यातून निघत नाही.

नुकसानीचा मुद्दा मात्र सोडवावा लागतो. मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना जी कसोटी दिली ती मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला अडवू नये, असा तिचा सारांश. कूराँगच्या अंड्यांना ही कसोटी लागू पडते. तिथे इजा आहे, फक्त ती आपल्याला दिसत नाही. फाटकालाही लागू पडते, गुरे तहानेने मरतील. उलुरूवर मात्र ती हात टेकते. तिथे काही फुटत नाही, कुणी मरत नाही, आणि तरीही काहीतरी वाईट घडते आहे असे पायथ्याशी बसलेल्या मला स्पष्ट जाणवत होते. कुणी माझ्या घरी येऊन, मी नको म्हणत असताना, धुतलेल्या पायांनी, काही न सांडता, न फोडता देवघरात फिरून गेला, तर माझे नुकसान काय झाले? आणि तरी मी पुन्हा त्याला दार उघडेन का?

इथे मला कांट आठवला. हा गृहस्थ कनिंग्सबर्ग सोडून लांब कधी गेला नाही, पण १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिताना त्याने प्रवाशांबद्दल जे मांडले ते जगभर फिरलेल्या कुणाला सुचले नव्हते. त्याचा आशय असा की परक्या भूमीवर गेलेल्या माणसाला भेट देण्याचा हक्क आहे, त्याला शत्रू समजून हाकलू नये. पण पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, तो यजमानाने द्यावा लागतो. युरोपातल्या राष्ट्रांना भेट देणे आणि जिंकणे यांतला फरकच कळत नाही, तिथल्या रहिवाशांना ते जमेसच धरत नाहीत, अशी तक्रारही त्याने केली आहे. इंग्रजांचे पहिले आरमार सिडनीला लागून तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ही भूमी कुणाचीच नव्हती हे कायद्यातले गृहीतक तिथल्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात खोडून काढले ते १९९२ साली. आपल्याकडेही एक उणीव मला दिसते. अतिथीला देव मानावे, त्याला विन्मुख पाठवू नये, अर्ध्या भाकरीतली भाकरी द्यावी, असे यजमानाला सांगणारे ढीगभर सापडते. अतिथीने काय करावे हे सांगणारे वचन मी शोधतो आहे. शिव्या घालत येणारा दुर्वास आपण कथांमधून सहन केला, फार तर त्याला भ्यालो, पण पाहुणा म्हणून तो चुकला असे आपण कधी म्हटले नाही.

पण मुलाचा महाडचा बाण उरलाच होता. त्याचे उत्तर मला त्याच्याच यादीतल्या पहिल्या नावात मिळाले, तेही बेळगावला परतल्यावर, वाचता वाचता. कॅनिंगची वाट ही चारचाकी मुशाफिरांची पंढरी. कॅनिंग नावाचा सर्वेक्षक १९०६-०७ साली त्या वाळवंटात गुरांसाठी वाट आखायला गेला. वाट म्हणजे पाणी, आणि पाणी कुठे ते फक्त तिथल्या आदिवासींना ठाऊक. त्याने माणसे पकडली, साखळदंडाने बांधून ठेवली आणि पाण्याच्या जागा दाखवायला लावल्या. मोहिमेतल्या स्वयंपाक्याने परतल्यावर या वागणुकीबद्दल तक्रार केली, १९०८ साली रॉयल कमिशन बसले आणि त्याने कॅनिंगला निर्दोष सोडले. मग पन्नासेक विहिरी खणल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक आदिवासींच्या पाणवठ्यांवरच. गुरांसाठी बांधलेल्या खोल विहिरींतून तिथल्या माणसांना पाणी काढणे अवघड झाले. त्यांनी काही मोडूनही टाकल्या. एवढे करून त्या वाटेने गुरांचे तांडे फारसे गेले नाहीत, शेवटचा गेला तो १९५९ साली. आता तिथे आम्ही जातो, तंबू लावतो आणि विहिरींचे आकडे पुण्यस्थळांसारखे मोजतो.

हे वाचले आणि चवदार तळे डोळ्यांपुढे आले. २० मार्च १९२७ रोजी जे तळ्यात उतरले ते पाहुणे नव्हते. ते त्याच गावचे, त्याच मुलखाचे. तळे सार्वजनिक, त्यावर गुरे पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. बंदी घालणाऱ्यांच्या हातात सत्ता होती. कॅनिंगच्या वाटेवर पाणी ज्यांचे त्यांच्याच गळ्यात साखळी होती. म्हणजे महाडच्या अस्पृश्यांशी नाते जोडायचे असेल तर ते अनांगूंशी आणि मार्टूंशी जोडावे लागेल, साखळी धरून वर चढणाऱ्या पर्यटकाशी नव्हे. 'येऊ नका' हे दोन्हीकडचे शब्द सारखे आहेत खरे. पण ते कोण कुणाला म्हणतो आहे, आणि नको म्हटल्यावर पाळले जाण्याची सवय त्या म्हणणाऱ्याला होती की नाही, हे पाहिल्यावाचून नुसत्या शब्दांवरून न्याय करता येत नाही.

हे मी मुलाला फोनवर सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पण बाबा, त्यांच्यातसुद्धा पुरुषांच्या जागा वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. एकमेकांना बंदी. ते चालतं तुम्हाला?" मला ते पुरते चालत नाही. उद्या एखाद्या अनांगू मुलीने हा प्रश्न विचारला तर माझे मन तिच्याकडे झुकेल. पण तो तिने तिच्या घरात विचारायचा प्रश्न आहे, मी बाहेरून फाटक ओढायला जाणे हे निराळे. इथवर आलो की माझे तर्कशास्त्र थांबते आणि सुनेचे 'मग झालं' ऐकू येते.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो. मुलगा आणि नात वर असताना मी पायथ्याजवळ एका झाडाच्या सावलीत बसलो होतो. व्याख्यान देऊन झाले होते. पायाशी एक लाल खडा दिसला, सुपारीएवढा. हातात घेतला, फिरवला आणि खिशात टाकला. वाईट हेतू नव्हता, कसलाच हेतू नव्हता. कायद्यानेही तिथला दगड नेण्यास मनाई आहे, हे नंतर वाचले. बेळगावला आल्यावर सौ.ने पिशवी आवरताना तो पाहिला, कुठला ते विचारले आणि देवघरात शाळिग्रामाच्या शेजारी ठेवला. तेव्हापासून त्याला रोज पाणी, गंध, फूल. तिच्या लेखी तो कुठल्यातरी दूरच्या देवाचा तांदळा.

उलुरूहून लोकांनी असे खिशात घातलेले दगड जगभरातून टपालाने परत येतात, सोबत माफीची पत्रे असतात. तिकडे त्यांना 'सॉरी रॉक्स' असेच नाव पडले आहे. बऱ्याच पत्रांत दगड नेल्यापासून मागे लागलेल्या दुर्दैवाची हकिगत असते. मला तो धाक नाही. २०२१ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा एका नातेवाइकाने देवघराकडे सूचक पाहिले होते, पण गुडघे त्याआधीच गेलेले होते. शिवाय परत आलेला दगड नेमक्या जागी ठेवता येत नाही, तो कुठून उचलला हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या खड्याची जागा मला तरी कुठे आठवते? एक झाड होते, एवढेच. म्हणजे परत पाठवून तिकडच्या कर्मचाऱ्याला एक पुडके उघडायचे काम वाढणार, आणि माझे मन हलके होणार. हा सौदा कुणाच्या फायद्याचा, हे मला नीट दिसते.

तरी यंदा श्रावणात सौ.शी बोललो. तिला वाटले होते त्यापेक्षा लवकर पटले. म्हणाली, "त्यांचा देव असेल तर जाऊ दे त्यांच्याकडे. आपण काय, सांभाळला इतकी वर्षं." तिने अक्षता वाहिल्या, मग मी खडा ब्रशने घासून धुतला, कारण त्या देशात परकी माती नेलेली चालत नाही. कुंकवाचा एक डाग खाचेत राहिला होता, तो सुईने काढला. पत्र मराठीत लिहिले आणि खाली इंग्रजी केले. मराठी कशाला, असे मुलगा म्हणाला. पायथ्याच्या पाटीवर कितीतरी भाषा होत्या, आमची नव्हती, म्हणून.

पोस्टात काउंटरवरच्या मुलीने कस्टम्सचा कागद पुढे केला. आत काय आहे, म्हणून विचारले. दगड, म्हटले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. भेट, नमुना, परत केलेला माल, इतर, असे चौकोन होते. मी तिसऱ्यात खूण केली. मग किमतीचा रकाना आला. मी शून्य लिहिले.

"शून्य चालत नाही, सर," ती म्हणाली. "काहीतरी लिहा की."

मागे रांग वाढत होती. मी पेन हातात धरून उभा होतो.